कानसेनचं डावं चाक

कानसेनच्या गाडीतून आवाज येतोय हे सगळ्यात आधी त्याच्या बायकोने सांगितलं, आणि तिथेच त्याचं बिनसलं. गाडीतून आवाज येणं ही तशी काही मोठी बाब नव्हे. पंधरा वर्षांची गाडी, ती काय तोंडाला कुलूप लावून चालणार? पण आवाज आहे हे कानसेनला दुसऱ्या कुणी सांगावं, ही मात्र फार मोठी बाब होती.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. खरं नाव पेन्शनच्या कागदावर आहे आणि तिथेच सुखात आहे. चौतीस वर्षं तो कागदाच्या गिरणीत फिटर होता. कागदाचं मशीन म्हणजे एकापुढे एक लावलेल्या अजस्र रुळांची रांग, आणि प्रत्येक रुळाच्या दोन्ही टोकांना एकेक बेअरिंग. दोन पोलादी कडी, त्यांच्यामध्ये गोळ्या, आणि सगळा भार त्या गोळ्यांवर. एक गोळी जरी बिघडली तरी अख्खं मशीन बंद. तेव्हा गोळी बिघडायच्या आधी ती बिघडणार आहे हे कळावं लागतं, आणि ते कळायचं कानसेनला. हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर घेऊन तो रांगेतून फिरायचा. टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, मूठ उजव्या कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. मग खिशातून खडू काढून तो त्या डब्यावर एक फुली मारायचा आणि शेजारी एक आकडा लिहायचा. अकरा म्हणजे अकरा दिवस उरले. सुरुवातीला मॅनेजर हसला होता. बाराव्या दिवशी मशीन बंद पडलं आणि त्यानंतर फुलीवर कुणी हसलं नाही.

निवृत्त झाल्यावर गिरणी सुटली, पण नाव सुटलं नाही. गल्लीत कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाचा पंप धापा टाकू लागला की लोक म्हणत, कानसेनला बोलवा. तो जायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि निदान सांगायचा. पैसे घेत नसे. लोक त्याच्याकडे ज्या नजरेने बघत, त्यात त्याचं भागायचं.

आता जे आहे ते सांगून टाकलेलं बरं. कानसेनचा उजवा कान जात चालला होता. ज्या कानाला चौतीस वर्षं गिरणीचा गोंगाट स्क्रूड्रायव्हरने पाजला, तो कान एक दिवस तक्रार करणारच. कानसेनला हे माहीत होतं का? होतं आणि नव्हतं. आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्याचं ठाम मत झालं होतं. बातम्या सांगणाऱ्यांना आवाजच उरला नाही, फोन तर मुळातच फुसके निघायला लागलेत, अशी त्याची मतं वाढत गेली, आणि प्रत्येक मताबरोबर टीव्हीचा आवाज एक घर वर गेला. मनाच्या तळाशी मात्र एक भीती दबा धरून बसलेली असायची. इतर माणसांचा कान गेला तर लोक म्हणतात, वय झालं. कानसेनचा कान गेला तर मागे काय उरतं?

त्याची बायको पडदे शिवते. घरातली पुढची खोली तिच्या मशीनने, कापडाच्या तागांनी आणि सुतळीत बांधलेल्या तयार पडद्यांनी भरलेली असते. दर गुरुवारी दोघं गाडीत पडदे टाकून दुकानांत पोचवायला जातात. अशाच एका गुरुवारी, कालव्याकडच्या सरळ रस्त्यावर गाडीने पन्नासचा वेग ओलांडला तेव्हा बायको म्हणाली की गाडी घूं घूं करतेय.

कानसेनने सांगितलं की तो रस्त्याचा आवाज आहे, डांबर नवीन आहे. पुढे नवीन डांबर संपलं, जुनं लागलं, पण तिचं घूं काही संपेना. मग तो म्हणाला की वारा आहे. बायकोने खिडकीबाहेर बघितलं. एकही पान हलत नव्हतं, पण ती गप्प बसली. बेचाळीस वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं हे ती शिकली होती.

घरी आल्यावर कानसेनला चैन पडेना. शुक्रवारी पहाटे, रस्ता रिकामा असताना तो एकटाच गाडी घेऊन गेला, रेडिओ बंद, काचा बंद. साठ, सत्तर. आणि मग त्याला तो ऐकू आला. लांबून बारीक, पण नक्की. घूंऽऽ. वेग वाढला की वर चढायचा, वेग कमी झाला की खाली यायचा. बेअरिंगच! दुसरं काही असूच शकत नाही. दुसऱ्या एखाद्याला गाडीत बिघाड निघाल्याचं दुःख झालं असतं. कानसेनला इतका आनंद झाला की त्याने परत येताना वाटेत थांबून बायकोसाठी चांगला मोठा एक पावही घेतला. म्हणजे कान शाबूत होता. आणि आवाज कुठून येतोय हेही त्याला लख्ख कळलं होतं. पुढचं डावं चाक.

अंगणात गाडी लावल्या लावल्या त्याने खडू शोधला आणि डाव्या चाकाच्या टायरवर ठसठशीत फुली मारली. बायको दारात उभी होती. ती म्हणाली की तिला तर तो आवाज त्याच्या बाजूने, म्हणजे उजवीकडून, येतोय असं वाटतं. कानसेनने तिच्याकडे करुणेने पाहिलं. पडदे शिवणाऱ्याने पडदे शिवावेत, असं तो म्हणाला. मनातल्या मनात म्हणाला, म्हणून संसार टिकला.

खरं तर कुठलं बेअरिंग गेलंय हे ओळखायची एक साधी युक्ती आहे आणि ती खुद्द कानसेननेच गल्लीतल्या चारजणांना शिकवली होती. चालत्या गाडीत स्टिअरिंग थोडं डावीकडे वळवायचं. भार उजव्या चाकावर जातो. आवाज वाढला तर उजवं गेलंय. उजवीकडे वळवून वाढला तर डावं. पोरसवदा माणूसही करू शकेल. पण कानसेनच्या लेखी ती कान नसलेल्यांची सोय होती. ज्याला थेट ऐकू येतं त्याने असल्या कुबड्या कशाला घ्यायच्या?

त्याच दुपारी तो स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन नवा हब घेऊन आला. या गाडीला हब आणि बेअरिंग एकसंध येतं. मध्ये बेअरिंग, पुढे चाक बसवायची चकती, मागे चार बोल्टची भोकं. गॅरेजवाला अर्ध्या दिवसात बसवून देतो. पण कानसेन गाडी गॅरेजात नेणार, म्हणजे मग झालंच.

शनिवारी सकाळी अंगणात पसारा मांडला गेला. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, जमिनीवर जुनी चादर, चादरीवर नटबोल्टचे पाने आकाराप्रमाणे ओळीने. चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो, तो चाक जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो, नाहीतर अख्खं चाक नटाबरोबर फिरतं. त्यासाठी कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायला हवा. बायको बसली. रिकामं बसायचं तिला माहीतच नाही, म्हणून मांडीवर पडद्याची कड घेऊन ती हाताने टाके घालत बसली आणि पायाने ब्रेक दाबून धरला. कानसेनने पान्याच्या दांड्यावर पाण्याचा जुना पाइप चढवला, त्यावर सगळं वजन टाकलं, आणि पंधरा वर्षं न हललेला नट टक् करून सुटला.

पुढचं काम त्याने एकट्याने केलं, आणि झोकात केलं हे कबूल करायला हवं. गाडी जॅकने उचलली, स्टँडवर टेकवली, चाक काढलं. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा ब्रेकचा कॅलिपर सोडवला, पण लोंबकळू दिला नाही. त्याची नळी ताणली की आतून चिरते, म्हणून तारेच्या आकड्याने स्प्रिंगला टांगून ठेवला. डिस्क काढली. मागचे चार बोल्ट गंजलेले होते, त्यांना तेल पाजून तासभर थांबला, मग एकेक सोडवला. हब जागेवर असा चिकटला होता की जन्मभर तिथेच राहायचा बेत असावा. कानसेनने हातोड्याने गोलाकार ठोकत ठोकत त्याला जागचा हलवला. त्याचे हात काम करताना बघणं हा एक आनंद आहे. घाई नाही, धसमुसळेपणा नाही, आणि उचललेली वस्तू परत जागेवर.

निघालेला हब त्याने हातात घेऊन फिरवला. चांगलं बेअरिंग हातात मऊ फिरतं, बिघडलेलं खरखरतं, जणू आत वाळू गेलीय. हे मऊ फिरलं. कानसेनने पुन्हा फिरवलं. परत मऊच. मग त्याने स्वतःला सांगितलं की किंचित खर लागतेय. तिसऱ्यांदा फिरवलं तेव्हा ती खर त्याला खरंच लागली. माणसाने मनावर घेतलं की काय लागत नाही?

जागा घासून चकचकीत केली, ग्रीसचा पातळ हात फिरवला, नवा हब बसवला, बोल्ट आळीपाळीने आवळले. सगळं पुन्हा जोडून दुपारी चारला गाडी चार चाकांवर उभी होती. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून तो बायकोला म्हणाला, चल, ऐकवतो.

ऐकवायला काही नसावं अशी अपेक्षा होती. पण कालव्याच्या रस्त्याला लागून वेग पन्नासच्या पुढे गेला तसं बायकोने त्याच्याकडे बघितलं आणि कानसेनने रस्त्याकडे बघितलं. घूंऽऽ. तोच. आणि डावीकडूनच!

रात्री जेवताना त्याने टायरला दोष दिला. मग नव्या हबला दोष दिला. आजकाल पोलाद कुठे पूर्वीसारखं मिळतं? बायकोने पोळी वाढली आणि एवढंच म्हणाली, की उद्या गाडी ती चालवेल, त्याने नुसतं ऐकावं. चालवणारं माणूस अर्धं लक्ष रस्त्यावर ठेवतं, मग ऐकणार कसं? मुद्दा बिनतोड होता. कानसेनला तो पटला, कारण त्यात त्याच्या कानाला दोष नव्हता.

रविवारी सकाळी ती चालवायला बसली आणि कानसेन डाव्या सीटवर. वेग वाढला, आवाज आला, आणि त्याने बोट दाखवलं: डावीकडे, त्याच्या खिडकीखाली. बघ, म्हणाला, डावीकडेच आहे. तेवढ्यात मागच्या सीटवर ठेवलेला पडद्यांचा गठ्ठा घसरला. तो सावरायला कानसेन कमरेतून वळला आणि मागे तोंड करून गुडघ्यावर बसला. वयाला न शोभणारी कसरत होती, पण केली.

आणि आवाजाने जागा बदलली.

तो आता उजवीकडून येत होता, बायकोच्या बाजूने. कानसेन तसाच थांबला. चाक तर उठून दुसरीकडे जाऊन बसत नाही. त्याने मान सावकाश पुढे वळवली. आवाज काचेवरून सरकत सरकत पुन्हा डावीकडे आला. त्याने परत मान मागे नेली. आवाज परत बायकोकडे गेला. तीनदा केलं. तिन्ही वेळा आवाज त्याच्या डाव्या कानाबरोबर इमानदार कुत्र्यासारखा फिरला.

कानसेन चौतीस वर्षं बिघाड शोधत आला होता. पुरावा समोर असताना नाकारायची त्याला सवय नव्हती. त्याने गठ्ठा सोडला, सीटवर नीट बसला आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

बायकोने गाडी कडेला थांबवली, इंजिन बंद केलं. कालव्याच्या पलीकडे कुणीतरी सायकल हातात धरून चालत होतं. 

"कधीपासून?" कानसेनने विचारलं.

कशाबद्दल विचारतोय, असं तिने विचारलं नाही. "दोन वर्षं तरी झाली असतील."

"आणि तू बोलली नाहीस."

"काय बोलू? गल्लीभर तुमच्या कानाचं नाव. मीच उठून कसं सांगू, की अहो, तुमचा एक कान गेला म्हणून?" ती स्टिअरिंगवरून बोट फिरवत होती. "मी आपली तुमच्या डावीकडे बसायला लागले."

कानसेनला आधी राग आला. मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि राग कुठे ठेवावा ते कळेना. जेवायला बसताना तिने खुर्ची बदलली होती. रस्त्याने चालताना ती मधेच मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला यायची. पलंगावरची बाजू तिने बदलून घेतली तेव्हा खिडकीतून वारा लागतो असं कारण सांगितलं होतं, आणि या शहाण्याने दोन रविवार खर्ची घालून त्या खिडकीचं रबर बदललं होतं. वारा बंद झाला तरी ती परत आपल्या जागी गेली नाही. बायकांचं काही सांगता येत नाही, असं तो तेव्हा गल्लीतल्या बेकरीवाल्याला म्हणालासुद्धा होता.

दोन वर्षं ही बाई त्याच्याभोवती फिरत राहिली होती, आणि त्याला घरातलाच एवढा बदल ऐकू आला नव्हता आणि दिसलाही नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. डोळे भरून आले ते त्याने लपवले नाहीत. गाडीत लपवणार कुठे?

 बायको म्हणाली की कानाच्या डॉक्टरकडे जायचं. कानसेनने मान डोलावली. आधी बेअरिंग, मग कान, असं म्हणाला. तिने हे कबूल केलं, पण तारीख ठरवूनच. मग तिने गाडी सुरू केली, वेग घेतला आणि त्याच्याकडे न बघता स्टिअरिंग थोडं डावीकडे वळवलं. "वाढला," ती म्हणाली. उजवीकडे वळवलं. "आता कमी झाला." युक्ती गल्लीतल्या चारजणांना शिकवताना पाचवी व्यक्ती दारात टाके घालत ऐकत होती, हे कानसेनला ठाऊक नव्हतं.

सोमवारी पुन्हा स्पेअर पार्टच्या दुकानात जाणं आलं. काउंटरवरच्या माणसाने तोच हब दुसऱ्यांदा मागितलेला ऐकून भुवया उंचावल्या, शुक्रवारी नेला त्यात काही खोट निघाली का, असं विचारलं. बिचाऱ्याने सरळ मनाने विचारलं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. कानसेनने घसा खाकरून सांगितलं की त्याची पद्धतच आहे, एक बदललं की दुसरंही बदलायचं, जोडीने. माणूस प्रभावित झाला. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही त्याने हे ऐकवलं, की बघा, जुने लोक कसं काम करतात. कानसेन हबचं खोकं काखेत मारून तिथून जो सटकला तो गल्लीच्या तोंडाशी येऊनच थांबला. खोटं बोलायला त्याची हरकत नसे, पण खोट्याचं कौतुक झालेलं त्याला सोसेना.

मंगळवारी पुन्हा चादर, पुन्हा ठोकळे. या वेळी नट सोडायच्या आधी त्याने उजवं चाक उचलून ठेवलं आणि बायकोला हाक मारली. स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला तेव्हा ती म्हणाली की असलं काही कानाला लावून तिला काही कळणार नाही. तिने तो बाजूला ठेवला, गाडीशेजारी मांडी घातली आणि चाकामागच्या स्प्रिंगवर तळहात टेकवला. शिवणयंत्राला तेल हवंय की सुईच वाकलीय हे ती असंच ओळखते, टेबलावर हात ठेवून. आता फिरवा, म्हणाली.

कानसेनने चाक फिरवलं. तिने डोळे मिटले. कानसेनला गंमत वाटली, कारण ऐकताना आपण कसे दिसत असू हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. मग तिने त्याचा हात धरून स्प्रिंगवर ठेवला आणि स्वतः चाक फिरवलं.

तळहाताला वाळू लागली. या वेळी मनाची नव्हे, खरीखुरी. स्प्रिंगच्या वेटोळ्यातून बारीक खरखर थेट मनगटापर्यंत चढत होती. कानसेनने डावं चाक उचललं, तिथे हात ठेवला. लोण्यासारखं मऊ. पुन्हा उजवं. वाळू. तो चारदा इकडून तिकडे गेला आणि शेवटी तिनेच त्याला थांबवलं, की आता कामाला लागा, तिच्या पडद्यांना उशीर होतोय.

चाकं पुन्हा जमिनीवर टेकवली, पण उजव्या बाजूचा नट डाव्यापेक्षा हट्टी निघाला. पाइपाचं टोक धरून कानसेन अक्षरशः लोंबकळला आणि बायको आतून ब्रेकवर दोन्ही पायांनी उभी राहिली तेव्हा कुठे नटाने हार मानली. हब निघाला तसा पाठच्या बाजूने गंजकं पाणी गळलं. हातात फिरवला तर अडखळत अडखळत फिरला, रस्त्यात प्रत्येक ओळखीच्या माणसाशी बोलत थांबणाऱ्यासारखा. कानसेनने तो बायकोच्या हातात दिला. तिने एकदा फिरवला, तोंड वाकडं केलं आणि परत दिला. मग त्याने शनिवारी काढलेला डावा हब फडक्यातून बाहेर काढला आणि तोही फिरवून पाहिला. निष्पाप. त्याने त्या हबची मनोमन माफी मागितली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

दुपारपर्यंत सगळं जागेवर बसलं. या वेळी स्वच्छ शर्ट घालायचं त्याच्या डोक्यात आलं नाही. होते त्याच कपड्यांत, कोपरापर्यंत काळ्या हातांनी तो चालवायला बसला आणि बायको डावीकडे. कालव्याचा रस्ता. पन्नास, साठ, सत्तर. कानसेनला काही ऐकू येत नव्हतं. पण ऐकू येत नाही म्हणजे आवाज गेला की आवाज आहे आणि आपल्यापर्यंत पोचत नाही, हे त्याला सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला स्वतःच्या कामाचा निकाल माहीत नव्हता. 

"गेला?" त्याने विचारलं.

बायको थोडा वेळ ऐकत राहिली. तिने स्टिअरिंगकडे बोट केलं, त्याने डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं.

"गेला," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की गेला. आता फक्त तुमच्या सीटची स्प्रिंग कुरकुरतेय."

कानसेन आवाजाच्या बाबतीत आजवर कुणाच्या शब्दावर विसंबला नव्हता. मॅनेजरच्या नाही, इंजिनियरच्या नाही, यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाच्याही नाही. त्याने तिचा शब्द घेतला, आणि तो घेणं इतकं सोपं गेलं याचं त्यालाच नवल वाटलं.

गल्लीच्या तोंडाशी बेकरीवाल्याने हात करून गाडी थांबवली. हा बेकरीवाला अजून चाळिशीच्या आत, सदानकदा पिठाने पांढरा. तो उजव्या बाजूने आला, कानसेनच्या खिडकीवर कोपर टेकवून वाकला आणि काहीतरी सांगू लागला. कानसेनला ओठ हलताना दिसले, आवाजाची नुसती भणभण कळली. मधूनच 'पंखा' ऐकू आला, 'भट्टी' ऐकू आलं, आणि शेवटी काका असं काहीतरी. एरवी अशा वेळी काय करायचं हे त्याला पाठ होतं. मान डोलवायची, हूं म्हणायचं आणि बेकरीत जाऊन अंदाज बांधायचा. मान डोलवायला सुरुवातही झाली होती.

ती त्याने थांबवली.  बेअरिंगच्या इतक्या फुल्या बेधडक मारणाऱ्या माणसाला ही एक फुली मारताना घाम फुटला.

"थांब जरा," तो म्हणाला. "मला या कानाने ऐकू येत नाही. गेलाय तो."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या काचेतून बघत राहिली, आणि तिचा हात मात्र मांडीवरून उठून त्याच्या काळ्या मनगटावर आला.

"असं होय," बेकरीवाला म्हणाला. त्याने खिडकीवरचं कोपर काढलं, तिथे पिठाचा ठसा राहिला तो बाहीने पुसला, आणि गाडीच्या पुढून चालत पलीकडच्या बाजूला गेला. चार दिवस, आणि त्याआधीची दोन वर्षं, ज्याची कानसेनने धास्ती घेतली होती ते सगळं बॉनेटला वळसा घालायला लागतो तेवढ्या वेळात उरकलं. बेकरीवाला काकूंच्या खिडकीत वाकला, जरा मोठ्याने बोलू का म्हणून विचारलं, आणि भट्टीच्या पंख्याची कहाणी पहिल्यापासून सांगायला लागला.